त्या दुपारी बाटलीत काय आलं

मी सक्शनचं मशीन बोलतोय. मरणाच्या दारातून माघारी ओढून आणलेली माझ्याइतकी माणसं अख्ख्या जेतपुरात कोणाच्या नावावर नसतील. खोटं वाटत असेल तर कोणालाही विचारा. म्हणजे, विचारू नकाच. मी माणसं ओढत नाही, त्यांची थुंकी ओढतो. थुंकी, शेंबूड, ओकारी, कधीमधी रक्त. तेही कोणी बटण दाबलं तर, आणि नुसत्या बटणाने भागलं नाही म्हणून वरून एक लाथ घातली तर.

दोन काचेच्या बाटल्या, एक मोटर, एक लांब नळी आणि खाली चार चाकं, त्यातलं एक कायमचं रुसलेलं. एवढाच माझा संसार. ऑपरेशन झालेल्या माणसाला भुलीतून उठेपर्यंत ज्या खोलीत ठेवतात, तिथे माझं आयुष्य गेलं. दोन खाटा, मध्ये हिरवा पडदा, कोपऱ्यात ऑक्सिजनचा बाटला, आणि उशाशी मी. माणूस शुद्धीवर येतो, पण त्याचा घसा मागून येतो. त्याला धड गिळता येत नाही, धड खोकता येत नाही. तोंडात साचलेलं श्वासाच्या वाटेला लागायच्या आत ओढून घ्यायचं, हे माझं काम. म्हणून माझं शिक्षण घशापर्यंतच झालंय. छाती, काळीज हे वरचे वर्ग. ते डॉक्टर लोक शिकलेत, निदान तशी पाटी तरी त्यांनी दाराला लावलीय.

आता मी जिन्याखाली पडलोय. इथे पडून गप्प बसलो असतो, पण एक गोष्ट पोटात राहिलीय. त्या दुपारी माझ्या बाटलीत काय आलं, ती. ती एखाद्याने मोठ्या आवाजात सांगितली असती, तर मंगुबेनवर ठपका आला नसता आणि तिची नोकरी गेली नसती. एवढंच सांगायचंय. वाटेत थोड्या चहाड्या होतील, त्याला माझा इलाज नाही. सगळ्यांच्या तोंडात नळी घालून झालेल्याला कोणाचाच मान ठेवता येत नाही.

जन्म माझा अहमदाबादच्या एका पत्र्याच्या शेडमधला. डॉक्टर विरडियांनी दवाखाना काढला तेव्हा मला आणलं. त्यांच्या बायकोने माझ्या मोटरीवर कुंकवाचा साथिया, आपलं स्वस्तिक, काढला, नारळ फोडला, आणि मी चालतो की नाही हे बघायला नळी त्याच नारळाच्या पाण्यात धरली. माझ्या आयुष्यातला पहिला घोट नारळपाण्याचा. त्यानंतर इतकं गोड मला कोणी काही पाजलं नाही.

मंगुबेन सिस्टर त्याच सुमारास कामाला लागली. वीरपूरहून बसने यायची. आल्या आल्या चपला जिन्याखाली, डबा कपाटावर, आणि माझ्याकडे बघून म्हणायची, ‘बापा, उठा. दुकान उघडलं.’ मी सुरू होताना खोकतो तसा तिचा आजोबा खोकायचा म्हणे, आणि आजोबाला ती बापा म्हणायची, म्हणून मी बापा. त्या खऱ्या बापाला तिने कधी लाथ मारली नसेल. मला रोज मारायची. पण नेमकी, डाव्या कुशीत, मोटरीच्या खाली. लागायची नाही, जाग यायची.

भुलीतून उठणारी माणसं बघायला फार मजा. जागेपणी ज्याच्यापुढे सगळा बाजार वाकतो असा तेलाचा व्यापारी आईच्या नावाने रडला आणि मंगुबेनचा पदर सोडेना. एक गरीब गाय वाटणारी सून उठली ती सासूला नाव घेऊन शिव्या देत, आणि सासू दारात चहाची बशी घेऊन उभी. मंगुबेन म्हणाली, ‘भुलीत बोलतायत, मनावर घेऊ नका.’ सासू म्हणाली, ‘म्हणजे इतकी वर्षं भुलीत नव्हती तेव्हा खोटं बोलत होती.’ बाहेर उन्हाने डांबर वितळतंय आणि आत माणूस थंडीने दात वाजवतोय, हे तर रोजचं. कोणाची जीभ मागे पडायची, घोरणं चढायचं, मंगुबेन दोन बोटांनी जबडा उचलून धरायची आणि तोंडाने घरच्या भाजीचं बोलत राहायची.

आणि उपाशी माणसं. ‘सकाळपासून काही खाल्लं नाही ना?’ ‘पाणीसुद्धा नाही, साहेब.’ मग माझ्या बाटलीत गांठिये यायचे, वर तळलेली मिरची. जेतपुरात गांठिया हे खाणं धरत नाहीत.

पण गांठिया परवडला. या गावाचं खरं दुखणं मावा. सुपारीची कात्रणं, तंबाखू, चुना, प्लास्टिकच्या तुकड्यात घालून तळहातावर घोळायचं आणि गालात धरायचं. साड्या रंगवणाऱ्या कारखान्यांतली माणसं दिवसभर रंगात हात घालून उभी, त्यांचा तर हाच सोबती. एकाने घोळायचा आणि दुसऱ्याला त्यातला वाटा द्यायचा. नाही म्हटलं तर अपमान. पाहुण्याला देतात, व्याह्याला देतात, आजाऱ्याची खबर काढायला येतात ते नारळ विसरतील, खिशातला मावा विसरणार नाहीत. वर्षानुवर्षं खाऊन गाल आतून चामड्यासारखे होतात आणि तोंड उघडायचं बंद होतं. मला नळी घालायला फट सापडत नाही. सापडली तर श्रेय डॉक्टरांचं, नाही सापडली तर मशीन जुनं.

वशरामभाई असाच. कारखान्यात रंग कालवणारा, नखं कायमची निळी. आतडं उतरलं होतं, त्याचं ऑपरेशन. पाठीत सुई टोचू देईना, म्हणून पुरती भूल द्यायचं ठरलं. भुलीचे पंड्यासाहेब राजकोटचे. सकाळी गोंडल, मग आम्ही, मग धोराजी. त्यांच्या गाडीचं इंजिन थंड झालेलं मी कधी पाहिलं नाही. त्यांनी आधी खाटेवरच तपासलं.

‘तोंड उघडा.’

‘उघडलंय की, साहेब.’

‘हे उघडलंय?’

‘आमच्यात एवढंच उघडतं.’

‘तीन बोटं घालून दाखवा.’

दोन गेली. वशरामभाई म्हणाला, ‘तिसरं जादवचं घालू का? त्याचं बारीक आहे.’

जादवभाई शेजारीच उभा. हा त्याचा लहानपणापासूनचा जोडीदार. एकाच हौदावर दोघं रंग कालवायचे, एकाच पुडीतून मावा खायचे. दोघं हसले. वशरामची बायको समजुबेन मात्र हसली नाही. बाहेरच्या बाकावर ती मंगुबेनला सांगत होती, ‘बेन, मंगळवारी दोघांना खोडियार मातेच्या देवळात नेऊन उभं केलं. मावा सोडला म्हणून शपथ घ्यायला लावली. याने घेतली पोट दुखत होतं म्हणून, आणि त्याने घेतली याने घेतली म्हणून.’

‘पाळतील?’ मंगुबेनने विचारलं.

‘माताजीला घाबरत नाहीत. मला घाबरतात.’

ऑपरेशन बरं झालं. श्वासाची नळी घालताना पंड्यासाहेबांना घाम फुटला होता, काढताना पण फुटला. खोलीत आणल्यावर त्यांनी हाक मारली, ‘वशरामभाई, नाव काय तुमचं?’ वशरामभाई म्हणाला, ‘तुम्हीच घेतलं की आत्ता.’ तेवढ्यावर साहेबांनी बॅग उचलली. पण जाता जाता मंगुबेनला बजावलं, ‘कुशीवरच ठेवा. याचं तोंड उघडत नाही, काही झालं तर हात घालता येणार नाही. पुरता जागा होईपर्यंत पाण्याचा थेंब नको आणि खोलीत माणूस नको.’ गाडी गेली धोराजीकडे.

दुपार झाली होती. दुपारी आमचं गाव झोपतं. दुकानांच्या फळ्या लागतात, रिक्षावाला सीटवर पाय पसरतो, डॉक्टर वरच्या मजल्यावर जेवून आडवे होतात. खोलीत मंगुबेन एकटी. या खाटेवर वशरामभाई, पडद्यापलीकडच्या खाटेवर पित्ताशय काढलेल्या लाभुबेन मास्तरीण. रक्तातला ऑक्सिजन मोजणारा चिमटा बोटाला लावतात, पण वशरामच्या निळ्या नखांवर तो गोंधळून उगाच कोकलायचा, म्हणून मंगुबेनने तो कानाच्या पाळीला लावला होता.

दारात जादवभाई आला. समजुबेन घरी गेली होती, मुलांना जेवायला वाढायला.

‘बेन, जरा तोंड बघून जातो.’

‘तोंड उद्यापण तेच असेल, भाई. बाहेर बसा.’

‘दोन मिनिटं. माझा जीव लागत नाही.’

‘तुमचा जीव बाहेरच्या बाकावर पण लागेल. पंखा आहे तिथे.’

तेवढ्यात डॉक्टर विरडिया हात पुसत जिन्याकडे निघाले. कारखान्यातली सगळी दुखणी जादवभाई याच दवाखान्यात आणायचा. डॉक्टर थांबले. ‘येऊ द्या हो, मंगुबेन. घरचाच माणूस आहे.’

‘साहेब, अजून पुरती शुद्ध नाही. पंड्यासाहेब सांगून गेलेत.’

‘पंड्यासाहेब राजकोटला राहतात. मला या गावात राहायचंय.’

एवढं बोलून ते वर जेवायला गेले. जादवभाई चपला काढून आत आला. चपला मात्र आठवणीने काढल्या.

तो वशरामच्या डोक्याशी बसला, कपाळावर हात ठेवला. मंगुबेन नजर ठेवून होती. पण पडद्यापलीकडे लाभुबेन थंडीने कुडकुडायला लागल्या. खाट वाजायला लागली, त्यांनी सलाइनची सुई उपटली आणि उठून बसायला बघत होत्या. मंगुबेन धावली. आता ती पडद्याआड, मी इकडे, आणि हे दोघं मित्र.

‘जादव,’ वशराम पुटपुटला. डोळे मिटलेलेच. ‘तोंड कोरडं पडलंय रे.’

‘पाणी नाही द्यायचं म्हणतात.’

‘पाणी कोणाला पाहिजे.’

जादवभाई हसला. इकडे तिकडे बघितलं. माझ्याकडेही बघितलं, पण माझी शरम कोण धरतो. खिशातून पुडी काढली. अगदी सावकाश घोळला त्याने, आवाज न करता, आई लेकरासाठी भात मऊ करते तसा. ‘चावू नको अल्या,’ तो कानात म्हणाला, ‘नुसता गालात धर. समजुभाभीला कळलं तर दोघांना हौदात बुडवेल.’ आणि बोटाने ती चिमूट त्या दोन बोटांच्या फटीतून आत सरकवली.

मी किती नीच माणसांच्या थुंक्या गिळल्यात. पण हा माणूस नीच नव्हता, हेच तर दुःख आहे. प्रेमाने केलं त्याने. प्रेमाला घशाचं काही कळत नाही.

तो वाकला तेव्हा कानाचा चिमटा निघाला. चिमट्याचं यंत्र ओरडायला लागलं. पडद्याआडून मंगुबेन म्हणाली, ‘चिमटा निघालाय का, भाई?’ जादवने बघितलं, चिमटा उशीवर. ‘हो, निघालाय,’ तो म्हणाला. खरंच बोलला. तो चिमटा परत लावायच्या नादात होता तेव्हा वशरामच्या गालातली सुपारी मागे घसरली.

आधी घरघर. मग शीळ. मग काहीच नाही. मला सगळे आवाज ओळखू येतात, आणि सगळ्यांत वाईट तो, काहीच नाही वाला. छाती वर खाली होतेय आणि हवा कुठेच नाही. मी ओरडायला पाहिजे होतं. पण मला बटण लागतं.

‘बेन,’ जादव म्हणाला, ‘हा असं काय करतोय?’

मंगुबेन पडदा फाडतच आली. जबडा उचलला. हवा नाही. ऑक्सिजनचा फुगा तोंडावर दाबला, छाती फुगेना. ओठ वशरामच्या नखांच्या रंगाचे झाले. दारातून तिने वॉर्डबॉयला हाक मारली, डॉक्टरांना उठव, पंड्यासाहेबांना फोन लाव. आणि मला लाथ घातली.

पहिल्याच लाथेला सुरू झालो मी. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल, म्हणजे मला वाटलं होतं पडेल.

नळी दातांवर आपटली. तोंड मिटलेलं. नाकातून बारीक नळी घातली, ती कशाने तरी गच्च तुंबली. मंगुबेनने ती उपटली, मोठी नळी गाल आणि दात यांच्यामध्ये घातली आणि सरकवत सरकवत शेवटच्या दाढेच्या मागे नेली. तिथे जरा फट असते. तिथून मी ओढलं. काय ओढलं म्हणता. आधी चुन्याचा पांढरा लगदा, मग तंबाखू, मग सुपारीची कात्रणं बाटलीच्या काचेवर टणटण वाजत आली. सगळी खोली मावा मावा झाली.

‘हे कोणी घातलं?’ मंगुबेनने विचारलं. जादवभाई भिंतीला टेकून खाली बसला होता.

वशरामच्या छातीत कोंबडा आरवावा तशी हवा गेली. मग आणखी थोडी. डॉक्टर बनियनवर धावत आले. पंड्यासाहेब वाटेतूनच मागे फिरले होते. त्यांनी परत नळी घातली आणि म्हणाले, काही तुकडे खाली छातीत गेलेत, राजकोटला हलवा. तो वरचा वर्ग, त्यातलं मला कळत नाही.

पण जाण्याआधी पंड्यासाहेब माझ्यासमोर वाकले. बाटली बघितली. ‘विरडियाभाई, हे काय आहे?’

डॉक्टर विरडियांनीही बघितलं. चांगलं डोळे भरून बघितलं. मग जादवभाईकडे बघितलं, मग दाराकडे, ज्या दारातून त्यांनीच त्याला आत सोडलं होतं. म्हणाले, ‘धोराजीची केस टेबलावर असेल, पंड्यासाहेब. अँब्युलन्स निघाली की तुम्हीही निघा.’ आणि वॉर्डबॉयला म्हणाले, ‘बाटल्या धुऊन टाक. वास सुटलाय.’

मंगुबेन म्हणाली, ‘साहेब, राहू द्या त्या.’

‘घाण ठेवायची का खोलीत?’

वॉर्डबॉयने मला मोरीत उलटं केलं. सुपारी, तंबाखू, चुना, सगळं जाळीतून खाली गेलं. फिनेल घातलं. इतकी स्वच्छ धुलाई माझी त्याआधी कधी झाली नव्हती. सात पिढ्यांची घाण निघाली, आणि मंगुबेनचा एकुलता एक साक्षीदार पण.

समजुबेन आली तेव्हा अँब्युलन्स निघत होती. तिने मंगुबेनला विचारलं, ‘हसत होता सकाळी. काय केलंत?’

‘बेन, यांनी तोंडात मावा घातला,’ मंगुबेनने जादवकडे बोट केलं.

समजुबेनने जादवकडे बघितलं. मला वाटलं, आता बोलेल. त्याचं तोंड उघडलं पण. जेवढं त्याच्यात उघडतं तेवढं.

‘भाभी,’ तो म्हणाला, ‘मंगळवारी माताजीसमोर शपथ घेतली मी. तुमच्यासमोर. माझ्या भावाच्या तोंडात मी घालीन?’

समजुबेन डॉक्टरांकडे वळली. डॉक्टर म्हणाले, ‘धावपळीत काय काय निघतं, बेन. थुंकी होती. सिस्टर त्या वेळी दुसऱ्या पेशंटकडे होत्या.’ यातलं एकही वाक्य खोटं पकडता येणार नाही. शिकलेला माणूस असा असतो. मी घशापर्यंत शिकलोय, मला असं जमलं नसतं.

‘म्हणजे लक्ष नव्हतं तुमचं,’ समजुबेन मंगुबेनला म्हणाली. ‘आणि वरून माझ्या माणसांवर घालता.’

दुसऱ्या दिवशी कारखान्याची माणसं दवाखान्याच्या दारात येऊन बसली, सगळ्यांच्या गालात एकेक. सिस्टरला काढा म्हणून. डॉक्टरांनी जड मनाने काढलं. जड मनाने म्हणजे जेवून झाल्यावर. पंड्यासाहेबांनी काय केलं? आता येतात तेव्हा ऑपरेशन झाल्यावर जरा जास्त वेळ थांबतात. बोलत काही नाहीत. नव्या सिस्टरच्या हाताखाली मी दोनदा बंद पडलो, मुद्दाम. त्याचा परिणाम एवढाच झाला की भिंतीतलं नवं मशीन आलं आणि मी जिन्याखाली. सूड घ्यायला पण अक्कल लागते.

वशरामभाई वाचला. राजकोटला बरेच दिवस छाती धरून पडला होता. घरी आला तो अर्धा. बोलता बोलता शब्द विसरतो, हौदाजवळ उभा राहिला तर कुठला रंग कशात हे आठवत नाही. त्या दुपारचं तर काहीच आठवत नाही. भुलीचा तो गुण आहे, म्हणजे साक्षीदार तोही गेला.

परवा तो तपासून घ्यायला आला होता. जादवभाईच घेऊन येतो त्याला, हाताला धरून. दोघं माझ्यासमोर जिन्याच्या पायरीवर बसले होते. जादवने पुडी काढली, घोळली. हाताने सवयीने दोन वाटे केले. मग थांबला आणि दोन्ही स्वतःच्याच गालात भरले.

तेवढ्यात मंगुबेन आली. हो, तीच. गावात दुसरा कुठला दवाखाना तिला ठेवत नाही. कपाटावरचा डबा आणि जिन्याखालच्या जुन्या चपला राहिल्या होत्या, त्या न्यायला आली होती. जादव तिला बघून उभा राहिला.

‘जय श्रीकृष्ण, बेन.’

‘जय श्रीकृष्ण. कसे आहेत हे?’

‘बरा आहे. तुमच्याच हातून वाचला. मी मनात म्हणतो नेहमी.’

‘मनात का?’

जादवभाई चघळायचा थांबला. वशरामने मान वर केली, तिच्याकडे बघत राहिला. ‘या कोण?’

‘दवाखान्यातल्या आहेत. सिस्टर.’

वशराम विचार करत राहिला. मग त्याला आठवलं, म्हणजे घरी ऐकलेलं आठवलं. ‘त्या का,’ तो म्हणाला, ‘लक्ष नव्हतं त्या?’

मी जादवकडे बघितलं. मंगुबेनने पण बघितलं. रस्त्यावरून रिक्षा गेली. जादवने वशरामच्या दंडाला धरलं आणि म्हणाला, ‘चल, नंबर आला असेल.’ नंबर आला नव्हता.

मंगुबेन चपला घ्यायला जिन्याखाली वाकली, आणि आम्ही समोरासमोर आलो. माझ्या बाटलीत धूळ होती आणि एक मेलेलं झुरळ. मी काय काय बोललो तिला मनातल्या मनात. मंगुबेन, तू तरी विसरू नकोस, पहिल्याच लाथेला सुरू झालो होतो. भंगारवाला शनिवारी येतोय. मला वीरपूरला ने, कोपऱ्यात ठेव, धान्य ठेव माझ्यावर. मी सगळं पाहिलंय, सगळं मला माहीत आहे, माझ्याइतकं तुझ्या बाजूचं कोणी नाही.

तिने चपला पिशवीत घातल्या. सवयीने डाव्या कुशीत पाय लावला, हळूच. मग माझ्या बाटलीवरची धूळ बोटाने पुसली आणि आत बघत राहिली.

‘बापा,’ ती म्हणाली, ‘सगळं तुझ्याच पोटात गेलं होतं. तूसुद्धा गिळून बसलास.’